‘हा पत्ता स्वीकारला जात नाही’

वृत्तपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. समोर आलेला मजकूर तो वाचत नाही, तपासतो. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचे लेबल, सोसायटीच्या जिन्यातली नोटीस, काहीही. हातात पेन असेल तर दुरुस्तही करतो. पुढे ज्या सहा दिवसांची हकीकत आहे, ते सहा दिवस या खोडीतून निघाले.

आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा डेस्कवरच्या काहींना वेब विभागात पाठवण्यात आले. मी त्यात होतो. तिथे बातम्यांचे फोटो कुठे साठवायचे आणि ते वाचकाच्या मोबाइलवर कसे पोचवायचे, हे शिकावे लागले. पुढे तो विभागही आटला. आता भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका लहान कंपनीत काम करतो. पाच माणसे आहोत. शाळा, पतपेढ्या, ट्रस्ट यांच्या वेबसाइट आणि ऑनलाइन अर्ज आम्ही बनवतो. मालक जिग्नेशभाई. ते वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला ‘सर’ म्हणतात. पण ऐकतात असे नाही.

कामाचे स्वरूप आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

क्लाउड या शब्दाने लोकांची फसगत होते. आकाशात काही नसते. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला जशी गोदामे आहेत तशीच ही गोदामे, फक्त कापडाच्या गठ्ठ्यांऐवजी फायली ठेवायची. दुकान केबिन रोडवर आणि माल काशीमीऱ्याला, असा हा व्यवहार. वेबसाइट हे दुकान. तिचा पत्ता वेगळा. गोदामाचा पत्ता वेगळा. तुमच्या मोबाइलमधला ब्राउझर हा मधला टेम्पोवाला. दुकानातून फाइल घेऊन निघाला की माल उतरवण्याआधी तो गोदामाला विचारतो, ‘मी अमुक पत्त्यावरून आलो आहे, माल घेणार का?’ गोदामात मान्य पत्त्यांची एक यादी असते. त्या यादीत तो पत्ता अक्षरन् अक्षर जुळला तर होकार मिळतो. जुळला नाही तर टेम्पोवाला स्वतःच गाडी वळवतो. कोणत्याही भलत्या वेबसाइटने तुमच्या मोबाइलच्या आडून दुसऱ्याच्या गोदामात हात घालू नये, म्हणून ही शिस्त आहे.

ती यादी लिहिणे हे माझे काम. मजकूर पाच-सहा ओळींचा. वर्तमानपत्रात छापला तर एका कॉलमात इंचभरही भरणार नाही. बरोबर असेल तेव्हा ती यादी अस्तित्वात आहे हे कोणालाही माहीत नसते.

चुकीची असेल तेव्हा काय होते, याचा एक नमुना. मीरा रोडचे एक लग्नाचे फोटोग्राफर. त्यांचे अल्बम वेबसाइटवर दिसेनासे झाले. त्यांनी हौसेने यादीत स्वतःच पत्ता भरला होता आणि शेवटी एक तिरकी रेघ राहू दिली होती. यादीला ती रेघ चालत नाही. ते गृहस्थ ऑफिसात येऊन टेबलासमोर उभे राहिले.

“एवढ्या एका रेघेसाठी?”

“एवढ्यासाठीच.”

“सर, माझ्या दुकानाच्या बोर्डवर माझं आडनाव पंधरा वर्षं चुकीचं लिहिलंय. एकही गिऱ्हाईक परत गेलेलं नाही. तुमचं हे मशीन आहे की ट्रॅफिक हवालदार?”

जिग्नेशभाई पलीकडून म्हणाले, “सर, स्टार मारून टाका ना. झंझट खतम.”

स्टार म्हणजे यादीत पत्त्यांच्या जागी एकच तारा टाकणे. अर्थ असा की, कोणत्याही पत्त्यावरून आलात तरी या. तेवढ्याने गोदामातल्या फायली उघड्या पडतात असे नाही. बाकीची कुलपे असतात. पण एक पहारा कमी होतो. लोकांचे दाखले आणि गुणपत्रिका जिथे ठेवल्या आहेत तिथे तारा टाकायचा नाही, असा नियम मी आमच्या कंपनीत लावून घेतला आहे. त्याचा मला अभिमान होता. अजूनही नियम बरोबर आहे असेच वाटते. पण नियम बरोबर असला की तो पाळणाराही बरोबर असतो, असे मी तेव्हा धरून चाललो होतो.

आता ती संस्था. नाव देत नाही. भाईंदर पश्चिमेला तिचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे आणि पुण्यात तिचे मुलींचे वसतिगृह. बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणाऱ्या आपल्या भागातल्या मुलींना तिथे जागा मिळते. अर्ज सहा दिवसच घेतात. शेवटच्या दिवशी पाच वाजता फॉर्म आपोआप बंद होतो. कागद अपुरे असतील तर अर्ज बाद. ही जागा नाही मिळाली तर बहुतेक घरांत मुलीचे पुण्याला जाणेच रद्द होते. संस्थेच्या सचिव पेडणेकर बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, हे पहिल्याच बैठकीत बोलल्या होत्या.

संस्थेच्या नावात भाईंदर आहे, त्यामुळे वेबसाइटच्या पत्त्यातही आहे. मराठीत हे नाव लिहिताना प्रश्न येत नाही. इंग्रजीत शेवटच्या ‘आर’च्या आधी कोणी ‘ए’ लिहितो, कोणी ‘ई’. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन पाट्यांवर दोन्ही सापडतात. संस्थेने शहाणपणाने दोन्ही स्पेलिंगचे पत्ते घेऊन ठेवले होते. कोणताही टाकला तरी तीच वेबसाइट उघडे. खरे तर एका पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्याकडे वळवायची सोय आम्ही करायला हवी होती. ते काम ‘नंतर’च्या यादीत होते.

अर्ज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गोदामाच्या यादीवरून मी शेवटचा हात फिरवला. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या. एकीत ‘ए’, दुसरीत ‘ई’. वृत्तपत्राच्या वेब विभागात आमचे स्पेलिंग ‘ए’ असे ठरलेले होते. ‘ई’ची ओळ मी काढून टाकली. कोणाला विचारले नाही. डेस्कवर स्पेलिंग दुरुस्त करण्याआधी कोणी कोणाला विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मी केली होती, ती त्याआधी पंधरा दिवस. फाइल गोदामात गेली नाही तर ब्राउझर वेबसाइटला कारण सांगत नाही; ‘झाले नाही’ एवढेच कळवतो. आमच्या प्रोग्रॅमरने चाचणीपुरता एक इंग्रजी संदेश लिहून ठेवला होता, आमच्याच माणसांना कळावे म्हणून. सगळे संदेश मराठीत करायचे ठरले तेव्हा तोही माझ्याकडे आला. मी लिहिले, ‘हा पत्ता स्वीकारला जात नाही.’ पाच शब्द, व्याकरण निर्दोष.

पाच दिवस अर्ज येत राहिले. तक्रार एकही आली नाही.

सहाव्या आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पेडणेकर बाईंचा फोन आला.

“राणे, आपण फॉर्ममध्ये राहत्या घराच्या पत्त्याची काही अट घातली आहे का?”

“नाही.”

“मग इथे एक गृहस्थ मुलीला घेऊन आलेत. जोंधळे म्हणून. काशीगावला राहतात. म्हणतात, वेबसाइट आमचा पत्ता घेत नाही.”

“पिनकोड चुकवला असेल,” मी म्हणालो.

हे उत्तर द्यायला एक क्षणही लागला नाही, याची नोंद करतो. फोन चालू असतानाच मी माझ्या संगणकावर फॉर्म उघडला, एक खोटी फाइल पाठवली. गेली. “माझ्याकडे चालतंय,” असेही मी बाईंना सांगितले. आमच्या धंद्यात याहून निरुपयोगी वाक्य नाही.

“तुमच्याकडे चालून काय उपयोग?” बाई म्हणाल्या. “रिक्षाने पाठवते त्यांना तुमच्याकडे. बघा आणि मला कळवा.”

पावणेचारला ते दोघे जिना चढून आले. वडील चाळिशीच्या पुढचे, काशीमीऱ्याच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करणारे. मूळचे परभणीकडचे. मुलगी अश्विनी, फिजिओथेरपीला प्रवेश मिळालेली. वडिलांच्या हातात बटणाची प्लास्टिकची फाइल होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर उघडली आणि एकेक कागद मांडू लागले.

“हे बघा साहेब, लाइट बिल. हे घरमालकाचं पत्र. हा रहिवासी दाखला, यासाठी दोनदा हाफ डे टाकला. हे रेशन कार्ड. काशीगावचा आमचा पत्ता पक्का आहे, अकरा वर्षं झाली.”

“ते लागत नाही,” मी म्हणालो.

“नाही कसं? पत्ता घेत नाही म्हणून तर म्हणतंय ते. मग परवा माझ्या भावाचा टाकून बघितला, परभणीचा. तो बी घेतला नाही. आता तिसरा कोणता टाकू, तेवढं सांगा.”

“बाबा, हळू बोला,” अश्विनी म्हणाली.

“मी काय ओरडतोय? इचारतोय मी.”

मोबाइल मागून घेतला. पडद्यावर लाल अक्षरांत माझे पाच शब्द होते. ते शब्द तिथे, त्या टेबलावर पसरलेल्या दाखल्यांच्या शेजारी वाचताना त्यांचा दुसरा अर्थ पहिल्यांदा दिसला. मी लिहिला होता तो वेबसाइटचा पत्ता. त्यांनी वाचला तो घराचा. आणि अर्जात ‘पत्ता’ हा शब्द आणखी एकाच ठिकाणी होता, मुलीच्या नावाखाली.

मोबाइलवर खाली सरकत गेले की वेबसाइटचा पत्ता वरच्या बाजूला लपतो. पान खाली ओढून तो पुढे आणला. ‘आर’च्या आधी ‘ई’.

“हा पत्ता कुठून मिळाला तुम्हाला?”

“आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर,” अश्विनी म्हणाली. “संस्थेचं जुनं पत्रक कोणीतरी टाकलेलं. साइट उघडते ना पण?”

साइट उघडत होती. नाव, शिक्षण, गुण, सगळे भरता येत होते. फक्त कागदपत्रे पुढे जात नव्हती.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसऱ्या स्पेलिंगच्या पत्त्यावरून फॉर्म उघडला असता तर पुन्हा लॉगिन करून सगळे पहिल्यापासून भरावे लागले असते, म्हणून यादीतच दुरुस्ती करायचे ठरवले. काढलेली ओळ परत घातली. असा बदल केला की तो लागू व्हायला थोडा वेळ जातो. किती, हे कोणी नक्की सांगत नाही. दोन मिनिटे थांबलो. तोच लाल संदेश. पाच मिनिटे थांबलो. तोच संदेश. जिग्नेशभाई खुर्ची सरकवून मागे येऊन उभे राहिले.

“सर, आता तरी स्टार मारा. बच्ची का सवाल आहे.”

“थांबा.”

“पाच वाजता थांबून काय करणार?”

साडेचार वाजले. मी यादी पुन्हा उघडली आणि या वेळी प्रूफ वाचतात तशी, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचली. घाईत मी तो पत्ता मोबाइलवरून जसाच्या तसा उचलला होता. शेवटी तिरकी रेघ होती. फोटोग्राफरला ज्या रेघेबद्दल मी वर्ग घेतल्यासारखे समजावले होते तीच. वीस मिनिटे त्यात गेली. रेघ काढली.

चार अडतीसला अश्विनीने गुणपत्रिका पाठवली. गेली. दाखला पाठवला. तो गेला. तिसऱ्या कागदाला पान कोरे झाले आणि लॉगिनची चौकट आली. सकाळपासून उघडा असलेला फॉर्म सुरक्षिततेसाठी स्वतःहून बाहेर पडला होता. आता मोबाइलवर येणारा सहा आकडी नंबर हवा.

“नंबर कोणाचा दिलाय?”

“आईचा,” अश्विनी म्हणाली. “बाबांचं सिम तेव्हा बंद होतं.”

“आईला फोन लावा.”

वडील म्हणाले, “लागंल. पण उचलणार कोण? एका गोदामात पॅकिंगला आहे ती. तिथं आत मोबाइल नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये ठेवतात. सहाला सुटली की मिळंल.”

तरी त्यांनी फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा थांबली. एका बंद लोखंडी कप्प्यात तो सहा आकडी नंबर येऊन पडला होता आणि आम्ही चार माणसे केबिन रोडवर घड्याळाकडे पाहत होतो. चार पंचावन्नला जिग्नेशभाईंनी त्या गोदामाच्या गेटचा नंबर कुठूनतरी मिळवला. सिक्युरिटीवाल्याने “मालक को पूछना पडेगा” म्हणून फोन बाजूला ठेवला. तो तसाच राहिला. पाच वाजता पानावर करड्या अक्षरांत ओळ आली की, अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

जोंधळेंनी टेबलावरचे कागद गोळा करायला सुरुवात केली. लाइट बिल खाली, त्यावर घरमालकाचे पत्र, रेशन कार्ड सर्वांत वर.

“आमचंच चुकलं,” ते मुलीला म्हणाले. “माझा नंबर टाकायला पाहिजे होता. कालच येऊन बसायला पाहिजे होतं इथं.” मग माझ्याकडे वळून, “तुमचा लई वेळ घेतला साहेब.”

“तुमचं चुकलं नाही,” मी म्हणालो. “यादीतून तुमची ओळ मी काढली होती. मुद्दाम नाही, पण मीच काढली.”

त्यांना ते लगेच कळले नाही. अश्विनीला कळले. तिने विचारले, “म्हणजे आमचा पत्ता बरोबर होता?”

“बरोबर होता. पहिल्या दिवसापासून.”

“मग परभणीचा पण?”

“तोही.”

वडिलांच्या हातातली फाइल तिने स्वतःकडे घेतली.

संस्थेच्या नियमात एक पोटकलम होते. उशीर संस्थेच्या बाजूने झाला असेल तर, लेखी कारण दिल्यावर, मुदत वाढवता येते. मी पत्र लिहायला बसलो. जिग्नेशभाईंनी मदतीचा हात पुढे केला.

“सर, लिहा ‘तांत्रिक कारणामुळे’. बस. कोई पूछता नहीं.”

कोणी विचारत नाही हे खरे आहे. बावीस वर्षांत ‘तांत्रिक कारणामुळे’ हे शब्द मी किती बातम्यांत जाऊ दिले, मोजलेले नाही. नाव घ्यायचे नसते तेव्हा ते वापरतात. पत्रात चार वाक्ये लिहिली. कोणती ओळ काढली, कोणी काढली, कधी काढली, परत कधी घातली. चौथ्या वाक्यात वीस मिनिटांच्या रेघेचाही उल्लेख केला. जिग्नेशभाईंनी ते वाचले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षीचं काम गेलं आपलं. पाठवा.”

पेडणेकर बाईंनी पत्र वाचून फोन केला. त्यांनी विचारले, “असे आणखी किती जण?”

मी पाहिले नव्हते. सव्वापाच वाजले होते आणि तोपर्यंत माझ्या डोक्यात जोंधळे सोडून कोणी नव्हते.

गोदामापर्यंत न पोचलेल्या फाइलची गोदामात नोंद नसते. पण फाइल पाठवण्याआधी फॉर्म आमच्याकडून एक परवाना मागतो, त्याची नोंद असते. परवाना घेतला पण फाइल आली नाही, अशी नावे काढली. अश्विनी धरून सहा. सहाही जणी ‘ई’च्या पत्त्यावरून आल्या होत्या. सहा दिवसांत सहा घरांनी तो संदेश वाचला होता आणि एकानेही फोन करून ‘असे का’ म्हणून विचारले नव्हते. आपला पत्ता कुठेतरी चालत नाही, हे त्यांना नवीन वाटले नसावे.

बाईंनी या सहा जणींसाठी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाढवली. फोन करायचे काम मला दिले. “पत्रात लिहिलंत ना, तेच तोंडाने सांगा,” म्हणाल्या.

चौघींशी सहाच्या आत बोलणे झाले. एकीच्या भावाने मला फसवणूक करणारा समजून आधी शिव्या दिल्या आणि नंतर संस्थेत फोन करून खात्री केली. अश्विनीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाला. आईच्या मोबाइलसह ती स्वतः ऑफिसात आली होती. तिला जागा मिळाली. इतर चौघींचे अर्जही बाराच्या आत आले. त्या संदेशाच्या जागी बाईंनी स्वतः सांगितलेला मजकूर आता आहे: ‘आमच्या वेबसाइटमध्ये अडचण आहे. चूक तुमची नाही. कृपया या क्रमांकावर फोन करा.’ खाली माझा क्रमांक आहे. संस्थेचे काम आमच्याकडेच राहिले.

सहावी मुलगी उत्तनची. तिने पहिल्याच दिवशी, अर्ज सुरू झाल्यावर तासाभरात, फाइल पाठवायचा प्रयत्न केला होता. नोंदीत तो अकरा वेळा दिसतो. त्यानंतर काही नाही. फोन तिच्या आईने उचलला. मी सगळे सांगितले. आईने शेवटपर्यंत ऐकले.

“म्हंजे आमचा पत्ता चालतो?”

“हो. घराच्या पत्त्याचा काही संबंधच नव्हता.”

“मंग तसा लिवला कोनी?”

“मी.”

पलीकडे भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, “पोरगी आता घरान न्हाय हाय. सात वाजता येल. तिला तूच सांग.”

सात वाजता फोन केला. मुलीने मध्ये एकदाही न थांबवता ऐकून घेतले. उद्या बारापर्यंत मुदत आहे, हवे तर मी घरी येऊन अर्ज भरून देतो, असेही मी सांगितले.

“काका, चार दिवस झाले मी कामाला लागली,” ती म्हणाली. “मेडिकलच्या दुकानात, मीरा रोडला. त्यांना वर्षाचं हो बोलून बसलीय.”

“त्यांच्याशी मी बोलू का?”

“नको. चांगले आहेत ते. नाव विचारलं, बारावीला किती पडले विचारलं, उद्यापासून ये बोलले. पत्ता नाही विचारला.”